फाइल एवढी जाड तरी २८ टक्केच! दिव्यांग बोर्डाला नेमके कुठले वैद्यकीय कागद लागतात?

धाकटा_भाऊ

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबणार आहे, आधीच माफी मागतो. पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच येईल म्हणून सगळं लिहितोय.

माझ्या मोठ्या बहिणीला आमवात आहे, डॉक्टर आरए म्हणतात तो, यंदा ९ वर्षं झाली. ताई शिवणकाम करायची, घरीच, आणि हात एवढा साफ होता की बायका लांबून कपडे घेऊन यायच्या. गेली दीडेक वर्षं मशीनवर चादर टाकून ठेवलीये. बोटं आता करंगळीच्या बाजूला कललीत, मूठ पूर्ण मिटत नाही. मध्ये एकदा तिने शेजारच्या मुलीला ब्लाउज कापून द्यायला घेतला, मी समोरच बसलो होतो. उजवा अंगठा कात्रीच्या कडीत जाईचना, वाकतच नाही ना तो. मग तिने अंगठा बाहेर ठेवून डाव्या हाताने वरचं पातं दाबायचा प्रयत्न केला, तोवर कापड सरकून गेलं. असं तीनदा झालं. मी उठून बाहेर गेलो, मला बघवेना.

तर आम्ही यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) पोर्टलवर अर्ज केला, तारीख मिळाली, सिव्हिलला बोर्डापुढे गेलो. माझ्याकडे ९ वर्षांची फाइल होती. आमवात ओळखायच्या रक्ताच्या तपासण्या आरए फॅक्टर आणि अँटी सीसीपी, अंगातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी, लिव्हरचे रिपोर्ट, सगळं तारीखवार लावून, प्लास्टिकच्या पाकिटात. डॉक्टरांनी दोन-तीन पानं उलटली, उजव्या हाताची मूठ करायला सांगितली, एक्स-रे बघितला, झालं. सर्टिफिकेट आलं २८ टक्के, तेही तात्पुरतं. निराधार योजनेच्या पगाराला ४० लागतात. ताई म्हणते राहू दे आता, परत त्या रांगेत नको. पण मला ते पटत नाहीये, तिला सकाळी दोन-दोन तास हात उघडत नाहीत, केस विंचरता येत नाहीत, जमिनीवर बसली तर कुणीतरी उठवावं लागतं, आणि कागदावर मात्र २८.

ओपीडीचे कागद परत नीट वाचले तर जवळपास प्रत्येक पानावर एकच ओळ आहे, स्टेबल, कंटिन्यू सेम ट्रीटमेंट. हेच आडवं आलं का? आणि परत जायचं असेल तर अजून कुठले रिपोर्ट काढू? एमआरआय करायला सांगतायत काहीजण. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा.

---

मोजपट्टी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बोर्डाला जाणाऱ्या पेशंटचे चार्ट बरीच वर्षं करून देतेय त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे एमआरआयच्या मागे आत्ता लागू नका. तुमच्या फाइलबद्दल वाचून मला दिसतं ते असं की तुम्ही ताईंना आरए आहे हे शंभर वेळा सिद्ध केलंय. ते कुणी नाकारलेलंच नाही! बोर्डाला टक्के द्यायचे असतात ते आजाराला नाही, त्या आजाराने हाताची कुठली कामं गेली त्याला. आणि त्याबद्दल तुमच्या फाइलमध्ये एकही कागद नाही. ईएसआर ६० असला काय आणि २० असला काय, त्यातून किल्ली धरता येते की नाही ते कळत नाही.

टक्के काढायची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ४ जानेवारी २०१८ ची, मार्च २०२४ मध्ये सुधारून परत काढली. त्यात हाताचे दोन भाग धरतात. एक खांदा-कोपर-मनगटाचा, त्यात सांधा किती अंश हलतो, स्नायूत ताकद किती, आणि हाताने करायची रोजची कामं जमतात का हे बघतात. दुसरा पंजाचा. पंजात पकड, स्पर्श आणि ताकद. पकडीचे पाच प्रकार आहेत. अंगठा चारही बोटांना टेकवणं, किल्ली धरतो तशी बाजूची चिमूट, नळकांड्यासारखी वस्तू धरणं (चार इंची आणि एक इंची अशी दोन्ही), चेंडूसारखी गोल वस्तू धरणं, आणि बोटांचा आकडा करून पिशवी उचलणं. तुम्ही ते कात्रीचं लिहिलंय ना, ते वाचतानाच मला कळलं की अंगठ्याची पकड गेलीये. पण ते तुम्ही इथे लिहिलंत, बोर्डापुढे ते कुठल्याच कागदात नव्हतं.

आता काय करायचं. जवळच्या सरकारी किंवा कुठल्याही नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून हाताचा मोजमाप चार्ट करून घ्या. गोनिओमीटर म्हणून कोन मोजायची पट्टी असते, तिने प्रत्येक सांधा किती वाकतो ते अंशात लिहितात. पकडीची ताकद डायनॅमोमीटरने किलोत. स्नायूंची ताकद ० ते ५ च्या मापात. त्या पाच पकडींपुढे जमते, अर्धवट जमते, जमत नाही. आणि हे दोन्ही हातांचं. उजव्याचंच नाही. आमवात बहुतेक दोन्हीकडे असतो, तरी बोर्डाने फक्त उजवा बघितला कारण एक्स-रे फक्त उजव्याचा होता, बरोबर ना?

मग तो चार्ट घेऊन ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे आमवाताच्या डॉक्टरांकडे जा. त्यांच्याकडून एक पानाचं पत्र घ्या, लेटरहेडवर, रजिस्ट्रेशन नंबर, सही, शिक्का, तारीख. पत्रात निदान, कधीपासून, आजवर कुठली औषधं दिली आणि तरी काय उरलं, बोटांची वाकडी ठेवण कुठल्या सांध्यात आहे, आणि हे सुधारण्यासारखं आहे की कायमचं. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. तुमचं सर्टिफिकेट तात्पुरतं आलं याचा अर्थ बोर्डाला वाटलं हे अजून बदलू शकतं. नऊ वर्षं औषध घेऊनही वाकडी झालेली बोटं औषधाने सरळ होत नाहीत, पण हे तुमच्या डॉक्टरांनी लिहायला हवं, तुम्ही सांगून नाही चालत.

स्टेबल शब्दाबद्दल. डॉक्टर तो लिहितात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं की मागच्या वेळेपेक्षा बिघडलं नाही, औषध बदलायची गरज नाही. बरं आहे असा त्याचा अर्थ नसतो. पण परकं कुणी दोन मिनिटांत फाइल चाळतं तेव्हा स्टेबल, स्टेबल, स्टेबल वाचून त्याच्या डोक्यात बरं आहे हेच बसतं. डॉक्टरांना जुने कागद बदलायला सांगू नका हां, ते चूक आहे. पुढच्या व्हिजिटला एवढंच म्हणा की सर, आजार स्टेबल आहे पण हाताची स्थिती काय आहे तेही एका ओळीत लिहाल का. बहुतेक डॉक्टर लिहितात, त्यांना कुणी विचारतच नाही.

आणि एक. तुम्ही जाता जाता लिहिलंय की जमिनीवर बसली तर कुणीतरी उठवावं लागतं. गुडघे पण गेलेत का? ते बोर्डाला सांगितलं होतं?

---

एका_मुलाचा_बाप

धाकटा_भाऊ, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझा विषय हाताचा नाही, माझ्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे, पण कागदांची लढाई तीच.

मानसिक आजारात रक्तात काही दिसत नाही, एक्स-रे नाही, काहीच नाही. तिथे आयडियाज नावाची मोजपट्टी लावतात. चार गोष्टी बघतात, स्वतःची निगा, लोकांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, प्रत्येकाला ० ते ४ गुण, आणि त्यात आजार किती वर्षांचा आहे त्याचे गुण मिळवतात. दोन वर्षांच्या आतला असेल तर १, दोन ते पाच वर्षं २, सहा ते दहा ३ आणि दहाच्या वर ४. एकूण ७ झाले की ४० टक्क्यांच्या घरात जातं. म्हणजे बघा, सगळ्यात जुना कागद केवढा मोलाचा. आमच्या मुलाला आजार होऊन बारा वर्षं झालेली पण आमच्याकडे कागद होते मागच्या चारच वर्षांचे कारण आधीचे दवाखाने बदलले, घर बदललं, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीच्या काळात आम्हीच ते कागद लपवून ठेवायचो, नातेवाइकांच्या हाती लागू नयेत म्हणून, आणि लपवता लपवता हरवले.

पहिल्यांदा ज्या हॉस्पिटलात दाखल केलं होतं तिथे गेलो तर खिडकीवरच सांगितलं जुनं काही मिळणार नाही. तीन चकरा झाल्या. मग कुणीतरी सांगितलं की तोंडी विचारू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम आहेत, त्यात पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायचं असं स्पष्ट लिहिलंय. मात्र दाखल पेशंटचं रेकॉर्ड ठेवायची सक्ती उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षंच आहे, त्यामुळे जितका उशीर कराल तितकं अवघड. लेखी अर्ज दिल्यावर आम्हाला डिस्चार्ज समरी नाही मिळाली पण दाखल रजिस्टरमधल्या नोंदीचं पत्र मिळालं, तारखेसकट. आणि एक चिठ्ठी सापडली ती बायकोच्या शिवणाच्या डब्यात, पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. त्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी वरच्या कोपऱ्यात आजार किती महिन्यांचा ते लिहिलं होतं. त्या एका ओळीने काम केलं.

तुमच्या ताईंच्या बाबतीत वर्षांचे असे वेगळे गुण नसतील, पण नऊ वर्षं औषध चालू आहे हे दाखवणारा पहिला कागद आणि आत्ताचा कागद शेजारी शेजारी ठेवा. मधले सगळे देऊ नका. जाड फाइल कुणी वाचत नाही हो. मी वर एक पान लावलं होतं, तारीख, कुठे दाखवलं, काय निदान, पान नंबर, बस. डॉक्टर बाई ते एक पान वाचून थेट हव्या त्या कागदावर गेल्या.

आणि डायरी ठेवा. आम्ही दोन महिने ठेवली. आज अंघोळ सांगून केली, आज केली नाही, आज दिवसभर खोलीतून बाहेर नाही. लिहिताना जीव तुटतो, पण मग सायकियाट्रिस्टने ती वाचून आपल्या रिपोर्टमध्ये घेतली. घरच्यांच्या नुसत्या डायरीला वजन कमी, डॉक्टरांनी त्यांच्या कागदात घेतली की तिचं वजन वाढतं.

---

रोखठोक७७

एवढं सगळं कशाला. बोर्डाच्या आधी आठ दिवस गोळ्या बंद करायच्या, स्टेरॉइड तर घ्यायचंच नाही, हात आपोआप सुजतो. बघितलं की ४५ देतात. आमच्याकडे दोघातिघांनी केलंय.

---

डावा_हात

@रोखठोक७७ हा सल्ला कृपा करून इथे देऊ नका. कुणीतरी खरंच करेल. रोज स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाने ते एकदम बंद केलं तर बीपी कोसळून जीवावर बेतू शकतं, आणि आमवाताच्या बाकीच्या गोळ्या थांबवल्यावर आजार उसळून सांधा खराब झाला तर तो परत येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ९१ आहे, फसवून सवलत घेतली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ते सोडा. ज्या बाईचे हात खरोखर गेलेत तिने सोंग कशासाठी करायचं? तिला खरं तेच नीट दाखवायचंय.

धाकटा_भाऊ, मला पाच वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, डावी बाजू गेली. मी घाईघाईत दीड महिन्यात अर्ज केला आणि परत पाठवलं, कारण मेंदूच्या आणि नसांच्या आजारात साधारण सहा महिन्यांनी तपासायचं असतं, तोवर किती भरून येतं ते कळत नाही. तेव्हा चिडचिड झाली, नंतर पटलं. त्याच नियमांत एक वाक्य आहे, नसांच्या आजारांसाठी लिहिलंय पण मला ते सगळ्यांनाच लागू वाटतं, की तपासणी आजाराची नाही, आजाराच्या परिणामांची करायची.

माझी चूक सांगतो, ती तुमच्या ताई पण करत असतील. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं शर्ट घालता येतो का. मी म्हटलं हो. खोटं नव्हतं, घालतो मी. पण कसा घालतो? आधी डावी बाही मांडीवर पसरतो, उजव्या हाताने डावा हात उचलून त्यात सारतो, मग दातात कॉलर धरून ओढतो, वरचं बटण कधीच लावत नाही आणि या सगळ्याला वीस मिनिटं लागतात. हे मी सांगितलंच नाही. चारचौघांत जमत नाही म्हणायची लाज वाटते ना. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, तुम्ही हो का म्हणालात? पुढच्या वेळी ती आत आली होती बरोबर.

तर बोर्डापुढे येतं का या प्रश्नाला हो-नाही उत्तर देऊ नका. कसं येतं, किती वेळ लागतो, कुणाची मदत लागते आणि केल्यावर काय होतं ते सांगायचं. हे आधी घरी बोलून घ्या. तिने पाठ करायचं नाहीये, फक्त लपवायचं नाही.

आणि वेळ. तुम्ही म्हणालात सकाळी हात उघडत नाहीत. बोर्ड कधी होतं? दुपारी बारा-एकला नंबर लागला असेल तर तोवर हात मोकळे झालेले असणार. सकाळचा त्रास बोर्डाला कधीच दिसणार नाही, तो कागदातच यायला हवा. किती मिनिटं ताठरपणा राहतो ते डॉक्टर विचारतात, त्यांच्याकडून लिहून घ्या.

---

धाकटा_भाऊ

काय बोलू, इतकं कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार.

मोजपट्टी ताई, तुम्ही बरोबर पकडलंत. गुडघे दोन्ही दुखतात, उजवा पूर्ण वाकत नाही, चार वर्षं झाली त्याला. पण त्याचा एक्स-रे कधी काढलाच नाही कारण आमचं सगळं लक्ष हातावर, शिवणकाम गेलं ना त्यामुळे. बोर्डात गुडघ्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. अर्जात पण फक्त हात लिहिलंय.

सर्टिफिकेट परत बघितलं, त्यात इन रिलेशन टू म्हणून जागा आहे तिथे राइट अपर लिंब, म्हणजे फक्त उजवा हात लिहिलंय. आणि हो, नंबर दुपारी सव्वाला लागला होता, डावा_हात दादा. तिने तुमच्यासारखंच केलं असणार, मी दाराबाहेर होतो. विचारलं तर म्हणाली डॉक्टरांनी विचारलं घरकाम करता का, म्हटलं करते की. 😔

आता गुडघ्याचे आणि हाताचे टक्के मिळवून ४० होतील का? आणि हे अपील करायचं की नवीन अर्ज?

---

मोजपट्टी

टक्के सरळ बेरीज करून मिळवत नाहीत, इथे खूप जणांची निराशा होते म्हणून समजून घ्या. मोठा आकडा तसाच ठेवायचा. ९० मधून तो वजा करायचा, जे उरेल त्याला लहान आकड्याने गुणायचं, ९० ने भागायचं, आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. समजा हात २८ आणि पाय २० आला. ९० वजा २८ म्हणजे ६२. २० गुणिले ६२ भागिले ९० म्हणजे १३.८ च्या आसपास. एकूण ४१.८. हे नुसतं उदाहरण आहे, ताईंच्या पायाला किती येतील ते तपासल्याशिवाय मी काय कुणीच सांगू शकत नाही. पण न तपासलेल्या गुडघ्याचे आज शून्य धरलेत एवढं नक्की. आणि डावा हात पण तसाच राहिलाय.

पायाचेही दोन भाग असतात. एक हालचाल आणि ताकद, दुसरा तोल-स्थिरता. दुसऱ्यात सपाट जमिनीवर चालणं, उतारावर चालणं, जिना, दोन पायांवर उभं राहणं, दुखऱ्या पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं, वळणं अशा नऊ गोष्टी बघतात. यातलं ताईंना काय येत नाही ते तुम्ही आत्ताच मोजू शकाल. दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे उभं राहून काढायला सांगा, वजन पडलं की सांध्यातली जागा किती कमी झालीये ते नीट दिसतं.

---

एका_मुलाचा_बाप

अपिलाबद्दल मी सांगतो, आम्ही त्यातून गेलोय. कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे प्रमाणपत्र देणाऱ्यांचा निर्णय मान्य नसेल तर राज्य सरकारने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. पण तुमच्या बाबतीत बोर्डाने जे बघितलं ते चूक मोजलं असं म्हणण्यापेक्षा बरंच काही त्यांच्यापुढे गेलंच नाही, असं मला तरी दिसतं. आणि सर्टिफिकेट तात्पुरतं आहे म्हणजे पुन्हा तपासणी तशीही होणारच. त्यामुळे आधी नवे कागद जोडून पुनर्तपासणीचा लेखी अर्ज द्या, त्यात गुडघे आणि डावा हात स्पष्ट लिहा, पोच घ्या. तरी नाही झालं तर कलम ५९ आहेच. तेव्हाही हेच कागद लागणार, त्यामुळे मेहनत वाया जात नाही.

अजून एक, ताई राहू दे म्हणतात त्याचं मनाला लावून घेऊ नका. आमचा मुलगा पण म्हणायचा. परत परत परक्या माणसांपुढे उभं राहून मला हे जमत नाही ते जमत नाही म्हणायचं, कुणाला बरं वाटेल. त्यांना आधी वेळ द्या.

---

धाकटा_भाऊ

अपडेट द्यायचं कबूल केलं नव्हतं पण द्यावंसं वाटलं. पाच आठवडे झाले.

फिजिओकडे दोन फेऱ्यांत चार्ट झाला, दोन्ही हात आणि दोन्ही पाय. डायनॅमोमीटरवर उजव्या हाताचा काटा ४ किलोच्या पुढे गेला नाही, तीनदा घेतलं. किल्लीच्या चिमटीपुढे जमत नाही, पिशवीच्या पकडीपुढे अर्धवट. मांडी घालणं, उकिडवं बसणं, गुडघे टेकणं तिन्ही नाही. गुडघ्यांचे एक्स-रे झाले. ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट मॅडमना चार्ट दाखवला तर त्या म्हणाल्या हे आधी का नाही आणलंत, आणि तिथेच बसून पत्र लिहिलं. आजार औषधाने आटोक्यात आहे, पण हाताच्या सांध्यांची विकृती कायमस्वरूपी, सकाळचा ताठरपणा ९० मिनिटं. स्टेबल शब्द नाही त्यात.

डायरी महिनाभर ठेवली. ताईला पेन धरता येत नाही, म्हणून ती सांगायची आणि भाची लिहायची, तसं पहिल्या पानावर नमूद केलंय. पत्र आणि डायरी लावून फाइल केली, सगळी मिळून १४ पानं, आधीची दोनशेच्या वर होती.

काल रात्री ताईने स्वतः सगळं वाचलं, पहिल्यांदाच. एका जागी थांबली. भाचीने लिहिलं होतं, आईला कुलूप उघडता येत नाही. ताई म्हणाली, हे खोडा, कुलूप मी उघडते, दोन्ही हातांच्या तळव्यात किल्ली धरून सगळं अंग वळवून उघडते, तसं लिहा. तसं लिहिलं. मग म्हणाली तारीख कधीची आहे, मी येते.

पुनर्तपासणीचा अर्ज दिलाय, पोच आहे.

---

मोजपट्टी

वाचून फार बरं वाटलं. कुलपाची ओळ अगदी ताईंच्या शब्दांत राहू द्या. आणि एक्स-रेच्या फिल्म पण न्या बरोबर, नुसते टाइप केलेले रिपोर्ट नेऊ नका. जुनं सर्टिफिकेट मूळ प्रत लागेल, झेरॉक्सवर अडवतात कधी कधी. गोळ्या नेहमीच्या वेळेवर घेऊन जाऊ द्या, आणि तुम्ही दाराबाहेर थांबू नका, आत जा.